ग्वाल्हेरचा शिलालेख, फुलबाग आणि मसावि

मसावि काढण्याची भागाकार-पद्धती आपण सर्वांनीच शिकलेली आहे. मोठ्या संख्येस लहान संख्येने भागावे. जी बाकी उरेल तिने आधीच्या भाजकास भागावे. पुन्हा बाकी उरली तर तिने त्या वेळच्या भाजकास भागावे. असे करीत जाता ज्या भाजकाने बाकी शून्य येईल तोच मसावि. नियम लहानसा आहे व तो पुष्कळांस तोंडपाठ असतो. उदाहरण सुटते, गुणही मिळतात. परंतु शेवटचा भाजक हाच सर्वांत मोठा साधारण विभाजक कशावरून, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. दुसरीही एक गोष्ट नेहमी दिसते. एवढे भागाकार करून शेवटी उत्तर १ आले की विद्यार्थ्यांचा चेहरा उतरतो. श्रम फुकट गेले, असे त्यांस वाटते. या लेखात मला मुख्यतः त्या बिचाऱ्या १ ची बाजू मांडावयाची आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या संख्या आपल्याच गावात, खडकावर कोरून ठेवलेल्या आहेत.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेच्या बाजूने चढू लागले म्हणजे लक्ष्मण दरवाज्याजवळ एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुजाचे लहानसे मंदिर लागते. कनोजच्या प्रतिहार घराण्यातील भोजराजाच्या अमदानीत अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने ते करविले. मंदिरातील एका शिलालेखावर विक्रम संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ हा काल आहे. देवालयांस दिलेल्या दानांची त्यात नोंद आहे. चूडापल्लिका नावाच्या गावातील एक जमीन फुलबागेसाठी दिली. तिची लांबी २७० हात व रुंदी १८७ हात. माळ्यांनी देवास रोज ५० हार द्यावयाचे, असेही त्यात सांगितले आहे. २७० आणि ५० या आकड्यांतील शून्ये आपण आज काढतो तशीच, लहान वाटोळी, कोरलेली आहेत. या शून्यांमुळेच गणिताचा इतिहास लिहिणारे देशोदेशींचे विद्वान या चिमुकल्या मंदिरापर्यंत येतात. कंबोडियात याहून जुने, इसवी सन ६८३ चे शून्य शिलेवर सापडले आहे. तथापि भारतात ज्यांचा काल निश्चित सांगता येतो अशा शिलालेखांतील शून्यांत आपल्या ग्वाल्हेरच्या शून्याचा मान फार मोठा आहे. शून्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आपण त्याच्या शेजारच्या संख्यांकडे वळू.

समजा, त्या बागेचे सारख्या आकाराचे चौरस वाफे पाडावयाचे आहेत. कोठेही तुकडा उरता कामा नये, आणि वाफा शक्य तितका मोठा हवा. वाफ्याची बाजू किती हात ठेवावी? शिलालेखात वाफ्यांविषयी काही नाही. हा प्रश्न सर्वस्वी आपला आहे. वाफ्याच्या बाजूने २७० ला व १८७ ला, दोहोंसही निःशेष भाग गेला पाहिजे. आणि अशी सर्वांत मोठी संख्या म्हणजेच मसावि. आपल्या नियमाप्रमाणे मांडणी करू.

२७० = १ × १८७ + ८३
१८७ = २ × ८३ + २१
८३ = ३ × २१ + २०
२१ = १ × २० + १
२० = २० × १ + ०

शेवटचा भाजक १. (येथे घाईने २० हे उत्तर लिहिणारे असतातच. २० हा शेवटचा भागाकार आहे, भाजक नव्हे.) तेव्हा या बागेत एक हात बाजूच्या वाफ्याहून मोठे, सारखे व पूर्ण हातांच्या मापाचे चौरस वाफे पाडता येणारच नाहीत. हात दीड फुटाचा धरला तर ही बाग सुमारे ४०५ फूट लांब व २८० फूट रुंद होते. एवढ्या विस्तीर्ण जमिनीस दीड फुटाचा वाफा! रुंदी १८७ ऐवजी १८० हात असती तर नव्वद-नव्वद हातांचे सहा प्रशस्त चौरस पडले असते. सात हातांनी केवढा फरक केला, पाहा.

वरील मांडणीचा अर्थ डोळ्यांना दिसावा म्हणून चौकटीच्या कागदावर २७० घरे लांब व १८७ घरे रुंद असा आयत काढावा. कागद पुरत नसेल तर डोळे मिटून काढला तरी चालेल. त्यातून १८७ बाजूचा सर्वांत मोठा चौरस कापून घ्यावा. उरली ती ८३ रुंदीची व १८७ लांबीची पट्टी. तिच्यातून ८३ बाजूचे दोन चौरस निघतात, आणि ८३ बाय २१ एवढा तुकडा राहतो. त्यातून २१ चे तीन चौरस काढले की २१ बाय २० एवढा तुकडा उरतो. त्यातून २० चा एक चौरस काढावा. शेवटी जी एक हात रुंदीची चिंधी राहते तिचे एकेक हाताचे वीस चौरस होतात. भागाकारांची बेरीज १ + २ + ३ + १ + २० = २७, तेवढेच हे चौरस. पडताळाही घेता येतो: ३४९६९ + १३७७८ + १३२३ + ४०० + २० = ५०४९०, आणि २७० × १८७ हेही ५०४९० च. आपल्या वहीतील प्रत्येक ओळ म्हणजे कात्रीचा एकेक फेरा होता, हे एकदा ध्यानात आले की ही रीत विसरणे कठीण.

आता त्या 'कशावरून'कडे येऊ. २७० आणि १८७ या दोहोंस निःशेष भागणारी कोणतीही एक संख्या मनात धरा. ती २७० ला भागते, १८७ लाही भागते. म्हणून त्यांच्या वजाबाकीस, म्हणजे ८३ लाही, ती भागलीच पाहिजे. सहा-सहा आंब्यांच्या पूर्ण करंड्यांतून सहा-सहांच्या काही पूर्ण करंड्या उचलल्या तर मागे पूर्ण करंड्याच राहणार, तसेच हे आहे. अर्थात पहिल्या जोडीचा प्रत्येक साधारण विभाजक हा १८७ व ८३ या दुसऱ्या जोडीचाही साधारण विभाजक असतो. येथपर्यंत बहुतेक विद्यार्थी येतात व थांबतात. परंतु एवढ्याने काम भागत नाही. दुसऱ्या जोडीत एखादा नवा, आगंतुक विभाजक शिरला नसेल कशावरून? म्हणून उलट बाजूही पाहिली पाहिजे. जी संख्या १८७ ला व ८३ ला भागते ती त्यांच्या बेरजेला, म्हणजे २७० लाही भागते. तेव्हा आगंतुक कोणी नाही. दोन्ही जोड्यांचे साधारण विभाजक अगदी तेच ते आहेत, एकही कमी नाही, एकही अधिक नाही. मग त्यांतील सर्वांत मोठाही तोच. भाजक दोनदा-तीनदा वजा करावा लागला तरी हाच विचार लागू पडतो. अशा रीतीने प्रत्येक ओळीत संख्या लहान होतात, पण मसावि जसाच्या तसा खाली उतरत येतो. बाकी ही भाजकाहून नेहमी लहान असते आणि पूर्णांक अखंड घटत राहू शकत नाहीत. म्हणून केव्हातरी शून्य बाकी येणे अटळ आहे. त्या क्षणी धाकटी संख्या थोरलीस निःशेष भागते, आणि अशा जोडीचा मसावि ती धाकटी संख्याच असते.

हे नीट पटले म्हणजे १ या उत्तराचे मोल कळते. १८७/२७० हा अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आहे काय, असे परीक्षेत विचारले. एक विद्यार्थी २ ने पाहतो, ३ ने पाहतो, ५ ने, ७ ने पाहतो, आणि 'संक्षेप होत नाही' असे लिहितो. उत्तर खरे आहे. परंतु त्याने वास्तविक एवढेच दाखविले आहे की, आपणास विभाजक सापडला नाही. सापडला नाही आणि नाहीच, या दोहोंत महदंतर आहे. ज्याच्या वहीत शेवटी १ आला त्याने एकही विभाजक शोधला नाही, आणि तरीही तो 'नाहीच' असे छातीठोकपणे म्हणू शकतो. ज्या दोन संख्यांचा मसावि १ असतो त्यांस सहमूळ संख्या म्हणतात. त्या स्वतः मूळ असाव्या लागत नाहीत. १८७ म्हणजे ११ × १७, आणि २७० चे अवयव तर दुसरीतील मुलासही सापडतील.

अंदाजाने चालणाऱ्याची खरी फजिती पुढील अपूर्णांकात होते: ८०५१/८६३३. २, ३, ५, ७, ११ यांपैकी कोणत्याही संख्येने दोहोंस भाग जात नाही. नव्वद विद्यार्थी तरी शंभरातून 'संक्षेप होत नाही' असे लिहून मोकळे होतील. आता आपली रीत लावा.

८६३३ = १ × ८०५१ + ५८२
८०५१ = १३ × ५८२ + ४८५
५८२ = १ × ४८५ + ९७
४८५ = ५ × ९७ + ०

मसावि ९७, आणि अपूर्णांकाचे अतिसंक्षिप्त रूप ८३/८९. चार भागाकारांत काम झाले. अवयव पाडून हेच करू गेल्यास ८०५१ चा पहिला अवयव ८३ हाती लागेपर्यंत २ पासून ८३ पर्यंतच्या तेवीस मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागतो. अवयव-पद्धती लहान संख्यांस सोयीची आहे, तिची मी निंदा करीत नाही. पण संख्या वाढू लागल्या की ती दमते. भागाकार-पद्धती दमत नाही. लामे नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८४४ साली सिद्ध केले की, लहान संख्येत जितके अंक असतील त्यांच्या पाचपटीहून अधिक भागाकार या रीतीत कधीच करावे लागत नाहीत. सर्वांत चिवट जोड्या म्हणजे १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ या माळेतील शेजारी-शेजारी असलेल्या संख्या. (मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना हेमचंद्राने बाराव्या शतकात हीच माळ दिली होती.) ८९ व ५५ यांचा मसावि काढून पाहा, नऊ भागाकार लागतील, आणि लामेची मर्यादा आहे दहा.

शेकडो अंकी प्रचंड संख्यांचे अवयव पाडणे किती अवघड आहे, याच गोष्टीवर आजच्या संगणकांतील गुप्त संदेशांची एक प्रसिद्ध पद्धती उभी आहे. १९७७ साली तीन संशोधकांनी ती शोधली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सर्वांसमोर उघड ठेवावयाचा व त्या मूळ संख्या मात्र गुप्त राखावयाच्या, हे तिचे सूत्र. अवयव पाडणे कोणास जमत नाही म्हणून कुलूप सुरक्षित. पण २०१२ साली संशोधकांच्या दोन मंडळींनी असे लाखो उघड गुणाकार गोळा केले आणि त्यांचे अवयव पाडण्याच्या भरीस न पडता परस्परांशी फक्त मसावि काढले. पुष्कळ यंत्रांनी निष्काळजीपणाने तीच ती मूळ संख्या दोनदा वापरली होती. तेथे मसावि १ न येता ती सामाईक मूळ संख्याच बाहेर पडली, आणि हजारो कुलुपे उघडली गेली. वर ८०५१ व ८६३३ यांच्या पोटातून ९७ बाहेर आला तो नेमका याच प्रकारे. येथे उत्तर १ येणे म्हणजेच अब्रू राखली जाणे होते.

ही रीत युक्लिडच्या नावाने ओळखली जाते. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षे झालेल्या या ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथात सातव्या भागाच्या आरंभीच ती आहे. तो भागाकार करीत नाही. मोठीतून लहान पुनःपुन्हा वजा करतो. आपण भागाकाराने त्याच्या अनेक वजाबाक्या एका दमात करतो, इतकाच फरक. युक्लिडचा ग्रंथ संस्कृतात येण्यास मात्र अठरावे शतक उजाडले. जयपूर नगर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या सम्राट जगन्नाथ पंडितांनी अरबीवरून 'रेखागणित' या नावाने तो भाषांतरिला. परंतु परस्परांनी भागत जाण्याची युक्ती भारतास तेव्हा नवी नव्हती. इसवी सन ४९९ मधील आर्यभटाच्या ग्रंथात ती आहे, आणि तेथे ती युक्लिडच्या पुढे एक पाऊल टाकते. आपल्या पंडितांनी या गणितास कुट्टक म्हटले. कुट्टक म्हणजे कुटणारा. मोठ्या संख्या कुटून कुटून बारीक करावयाच्या, हे नाव किती अन्वर्थक आहे!

ते पुढचे पाऊल असे. मसावि मिळाल्यावर मांडणी पुसून न टाकता तिच्यातून उलट वर चढावे. आपल्या बागेच्या मांडणीत चौथी ओळ सांगते की १ = २१ − २०. तिसऱ्या ओळीवरून २० च्या जागी ८३ − ३ × २१ लिहिले की १ = ४ × २१ − ८३ होते. दुसऱ्या ओळीवरून २१ च्या जागी १८७ − २ × ८३ घातले की १ = ४ × १८७ − ९ × ८३. पहिल्या ओळीवरून ८३ म्हणजे २७० − १८७; म्हणून अखेर १ = १३ × १८७ − ९ × २७०. पडताळून पाहा: २४३१ वजा २४३०.

आता कल्पना करा की, हाताचे माप हरवले आहे. जवळ फक्त दोन दोऱ्या आहेत, एक बागेच्या लांबीएवढी व दुसरी रुंदीएवढी. आखूड दोरी तेरा वेळा पुढे टाकावी, लांब दोरी नऊ वेळा मागे टाकावी. जेथून निघालो तेथून बरोबर एक हात पुढे आपण उभे असू. एक हात मिळाला म्हणजे हवे ते माप मिळाले. बाग २७० बाय १८० असती तर मात्र दोऱ्या कितीही वेळा पुढे-मागे टाकल्या तरी नव्वद हातांहून लहान माप हाती आले नसते. ज्या १ मुळे वाफे इतके बारीक पडले त्याच १ ने हरवलेला हात परत दिला.

कुट्टकाचे अतिशय सुबोध विवेचन भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे शके १०७२ च्या (इसवी सन ११५०) 'सिद्धान्तशिरोमणी'च्या पहिल्या भागात आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला होता. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्य साधारण विभाजकाने संख्या लहान करण्यास अपवर्तन म्हणतात व अशा रीतीने लहान केलेल्या संख्यांस दृढ म्हणतात. आपल्या शेजारची हिंदी माध्यमाची मुले मसाविला 'महत्तम समापवर्तक' म्हणतात, आणि जुन्या मराठी अंकगणितांत त्याचे नाव 'दृढभाजक' असे होते. एका घराने एक शब्द ठेवून घेतला, दुसऱ्याने दुसरा; दोन्ही शब्द 'लीलावती'त शेजारी-शेजारी नांदतात. ग्वाल्हेरच्या मुलांना दोन्ही घरांत जाणे-येणे असल्यामुळे त्यांनी दोन्ही लक्षात ठेवण्यास हरकत नाही.

भास्कराचार्यांचे कुट्टकाचे पहिले उदाहरण आहे ते असे: २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळविले असता १९५ ने निःशेष भाग जाईल? २२१ व १९५ यांस परस्परांनी भागा: बाक्या २६ व १३ येतात आणि पुढे शून्य. मसावि १३, ६५ लाही १३ ने भाग जातो. तिन्ही संख्यांचे अपवर्तन केले की १७, ५ व १५ उरतात. १७ ला ज्याने गुणून ५ मिळविले असता १५ ने भाग जाईल तो गुणक ५ आहे: ८५ + ५ = ९०. मूळ संख्यांत पडताळा घेतला तरी ११०५ + ६५ = ११७० = ६ × १९५. आता ६५ ऐवजी कोणी ६६ सांगितले असते तर? २२१ च्या प्रत्येक पटीला १३ ने भाग जातो, १९५ च्या प्रत्येक पटीलाही जातो, पण ६६ ला जात नाही. मग जन्मभर गुणक शोधीत बसले तरी तो मिळावयाचा नाही. अशा प्रश्नास भास्कराचार्यांनी एकच विशेषण लाविले आहे: दुष्ट. विद्यार्थ्याचा दोष नाही, दोष प्रश्नाचाच आहे. आणि हे प्रश्न सोडवू लागण्यापूर्वीच, केवळ मसावि पाहून, सांगता येते.

सुटीत करून पाहण्यासाठी दोन उदाहरणे देतो. शिलालेखाचे संवत् ९३३ आणि बागेची लांबी २७० यांचा मसावि काढा व तो ९३३ आणि २७० यांच्या पटींच्या वजाबाकीने, वर चढत जाऊन, मांडून दाखवा. दुसरे, २७० हात लांबीच्या पट्ट्या आणि रोजचे ५० हार काही माळ्यांत असे वाटावयाचे आहेत की प्रत्येकास पूर्ण हात व पूर्ण हार सारखे मिळावेत. माळी जास्तीत जास्त किती घेता येतील? शिलालेखातील हार देणारे माळी निराळे होते, आपण त्यांचे फक्त आकडे उसने घेत आहोत. दुसऱ्याचे उत्तर १ येत नाही, एवढे सांगून ठेवतो.